डाव्या हाताची नोंद

मुलाने मोबाईलमध्ये आजाराची डायरी घालून दिली आणि टेलर मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. दिवसातून चार वेळा ते डबडं वाजायचं आणि विचारायचं: हात थरथरतोय का? पाऊल अडतंय का? गोळी कधी घेतली? मग पडद्यावर दोन गोल यायचे. त्यांवर दोन बोटांनी आळीपाळीने अर्धा मिनिट टकटक करायची, आधी उजव्या हाताने, मग डाव्या.

"हे सगळं जातं कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टरांकडे, बाबा. दीड महिन्याने ते बघून औषध ठरवतील."

"आणि तू नाही बघत?"

"मलाही दिसतं. काळजी वाटते म्हणून."

म्हणे काळजी! मास्तर म्हणजे चाळीस वर्षं कोट बेतलेला माणूस. गिऱ्हाइकाचा कुठला खांदा उतरलाय हे त्याला टेप न लावता कळायचं. पार्किन्सनने उजव्या हाताला कंप सुटल्यापासून मुलगा दुकानातल्या मोठ्या कात्रीकडे सारखा बघायचा. डायरीतले आकडे घसरले की कात्री गेलीच. आणि कात्री गेली की मास्तर कसले, नुसते म्हातारबुवा!

मग त्यांनी नामी युक्ती काढली. मोबाईल वाजला की तो बायकोपुढे सरकवायचा.

"अगं, तू कर टकटक."

"अहो, डॉक्टरांना फसवायचं?"

"डॉक्टरांना कुठे? तुझ्या लेकाला."

दुकानाची काजं-बटणं तीच करायची. हातातली सुई टोचून ठेवून, कुरकुरत, ती टकटक करू लागली. मास्तर दाराकडे डोळा ठेवून बसायचे. मुलगा हल्ली काहीच बोलत नव्हता, त्याचाही त्यांना संशय यायचा.

दीड महिन्याने तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. बाईंनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"उजवा हात अगदी ठणठणीत दिसतोय."

मास्तरांनी मुलाकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

"पण डावा दर आठवड्याला मंदावतोय. तुमचा त्रास तर उजवीकडे होता ना? डावा मी तपासला तेव्हा चांगला होता."

यात मुलाचाच काहीतरी हात आहे, असं मास्तरांच्या मनात आलं. आणि त्यांची नजर बायकोकडे गेली. तिने डावा हात पर्सखाली दाबून धरला होता.

मागच्या आठवड्यात तिची तीन काजं वाकडी आली होती. "डोळे गेले माझे," असं ती म्हणाली आणि त्यांनी तिची थट्टा केली. आत्ता जिना चढून येताना तिचा डावा हात हलतच नव्हता, अंगाला चिकटून राहिला होता. दीड महिना ती त्यांच्या पुढ्यात बसत होती आणि ते दाराकडे बघत होते.

"बाबा, काय झालं?" मुलाने विचारलं.

गप्प बसलं तर कात्री वाचत होती. मास्तरांना भीती वाटली, पण ती कात्रीसाठी नव्हती. त्यांनी पर्स बाजूला केली, थरथरत्या उजव्या हाताने बायकोचा डावा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. त्या हाताचा अंगठा बोटावर आपोआप हळूहळू फिरत होता.

"अहो, काय हे!" ती पुटपुटली.

"आलेखातला हात हा आहे, डॉक्टरीणबाई. मी लबाडी केली," मास्तर म्हणाले आणि मुलाकडे वळले. "कात्री न्यायची तर ने. पण आधी बाईंना हिला तपासू दे."