हस्तबाबांचं संत्रं

"तीनशे बेचाळीस!"

मोठ्या पडद्यावर आकडा झळकला आणि सभागृहातल्या दोन हजार माणसांनी श्वास रोखला. मंचावर एक निवृत्त टायपिस्ट बोट पुढे करून उभे होते. हस्तबाबांनी त्यांचे हात चांदीच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून चोळले, टॉवेलनं पुसले आणि डोळे मिटून गर्जना केली, "साखरे, आलीस त्या वाटेनं चालती हो!"

दुसऱ्या बोटाला सुई टोचली. "एकशे आठ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका रडायला लागल्या. "औषधवाले तुमचं रक्त पितात, मी ते फुकटात धुऊन देतो," बाबा म्हणाले. "उद्यापासून इन्सुलिनची सुई कचऱ्यात!"

पडद्यावर जाणारं चित्र माझ्याच कॅमेऱ्याचं होतं. मी दातओठ खात फोकस धरून होते.

एकवीस वर्षं मी माहितीपट बनवते, लोकांची बिंगं फोडते. बनावट औषधांचा कारखाना, खचलेला पूल, सगळं करून झालं. पण माझा सख्खा दादा याच मंचावर तीनशे नव्वदवरून एकशे चौदावर आला, तेव्हा मी दुसऱ्या शहरात भलत्याच कुणाच्या तरी मागावर होते. घरी येऊन त्यानं इन्सुलिन मोरीत ओतलं आणि सातव्या दिवशी तो गेला. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले, आणि वहिनीला ते पटलं. दादाचाच आजार असलेल्या दहा वर्षांच्या लेकीला आता ती पुढच्या रविवारी इथे आणणार होती.

बाबांना प्रसिद्धीची भारी हौस, त्यामुळे चित्रीकरणाची परवानगी त्यांनी हसत हसत दिली. सत्य वगैरे ठीक आहे. मला सूड हवा होता, लपवू कशाला?

आमच्या धंद्यात हातांचे शॉट भरपूर घेऊन ठेवतात. मुलाखतीतलं वाक्य कापलं की जोड दिसू नये म्हणून तिथे कुणाचे तरी हात लावायचे. संकलनाच्या टेबलावर मी असे एकेचाळीस जणांचे हात बघितले. दारात मिळालेलं संत्रं स्वतः सोलायचं, बाबांच्या पायाशी ठेवायचं, मग सुई. त्यानंतर हात धुवायचे आणि पुन्हा सुई. धुतलेल्या हाताला पहिली सुई एकदाही टोचली नव्हती.

मी दादाचं साखर मोजायचं यंत्र काढलं. मला मधुमेह नाही. संत्रं सोलून बोट टोचलं, तीनशे सत्तावीस. नळाखाली हात धुतले, चौऱ्याण्णव. सोलताना बोटाला रस लागतो, रक्ताचा थेंब त्यात मिसळतो आणि यंत्र बिचारं फळाची साखर मोजतं. मग खऱ्या रुग्णाचा दुसरा आकडा तरी कमी कसा? बाबांची अटच होती, "सकाळचं शेवटचं औषध घेऊन या." काम औषधानं केलेलं, आरती बाबांची.

डॉक्टरांना विचारलं. "म्हणून तर आम्ही आधी हात धुवायला सांगतो," ते म्हणाले.

वहिनीला सगळं दाखवलं, तर ती फणकारली, "तुझी कापाकापी आहे ही. पुढचं मागे लावून तू काहीही दाखवशील."

माझ्याच धंद्यानं माझं तोंड बंद केलं. आता जे करायचं ते सगळ्यांदेखत, न कापता.

रविवारी कॅमेरा सहकाऱ्याकडे देऊन मी मंचावर चढले. भाची बोट पुढे करून उभी होती. तिला सोलता येईना म्हणून संत्रं वहिनीनं सोललं होतं.

"बाबा, आधी हिच्या आईची साखर तपासा की!" मी म्हणाले.

"आईला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे ती!" बाबा हसले. लोकही हसले.

मी दादाच्या यंत्राची सुई वहिनीच्या बोटाला टोचली. पडद्यावर आकडा आला, तीनशे एकसष्ट.

वहिनी पांढरीफटक पडली. "मला? मला कधीपासून?"

"शोकानं रक्त नासलं!" बाबांनी लगेच सूर लावला.

"अहो, आत्ता ठणठणीत होती ना?" मी माझ्या बाटलीतल्या पाण्यानं वहिनीचे हात धुतले, पुसले आणि दुसरं बोट टोचलं. एक्याण्णव.

"कॅमेरा बंद करा!" बाबा किंचाळले. एकवीस वर्षांत हे वाक्य शेकडो वेळा ऐकलंय. इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

संत्र्याची भानगड मी माइकवरून सांगितली. वहिनी आपल्या हातांकडे बघत राहिली.

"ह्यांनी त्या सकाळी इन्सुलिन घेतलं होतं," ती हळूच म्हणाली. मग माइक हिसकावून ओरडली, "ते औषधानं बरे होते! तुम्ही मारलंत त्यांना!"

बाबा मागच्या दाराकडे पळाले, पण तिथे त्यांचेच भक्त वाट अडवून उभे होते. आता खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला मी पुढच्या बाकावर बसते, त्यांना नीट दिसेन अशी. मला अजून त्यांची दया आलेली नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला क्रम बदलायला सांगा. आधी हात धुवा, मग मोजा. तो नाही म्हणाला, तर उठून घरी या. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, कुणी देव होऊन सांगितलं तरी.

भाची परवा अकरा वर्षांची झाली. इन्सुलिन आता तिचं तीच टोचून घेते.