पाहुणीसाठी थंड जागा

विती लेवू बेटाच्या किनाऱ्यावरची ती साखर गिरणी आता बंद पडली आहे. पण म्हाताऱ्या साकिऊसाला गळिताच्या दिवसांतला तो गोड, करपट वास अजून आठवतो. उसाची चिपाडं भट्टीत लोटताना अंगाची लाही व्हायची, तरी त्याचं गाणं थांबायचं नाही. जोडीदार हरदेव ओरडायचा, "साकू, आवाज आवर! बॉयलर घाबरून फुटेल."

"तुझं तोंड रोज बघून नाही फुटला, तर आता काय फुटतोय!"

असे ते दिवस होते.

एका हंगामात मिरियामा आली. आरोग्य खात्यातली, साकिऊसाच्या बहिणीची लेक. भट्टीवरच्या माणसांना मधूनमधून विसावा द्यायचा का, हे तिच्या मोजणीवर ठरणार होतं. तिच्या यंत्राला एक काळा गोळा होता आणि ओली वात गुंडाळलेला तापमापक. धग आणि दमटपणा, दोन्ही ते मोजायचं.

साकिऊसा तिथला मुकादम. घरच्या लेकीला धगीत कसं उभं करायचं? त्याने समुद्राकडच्या दाराशी चटई अंथरली, शहाळं फोडलं आणि यंत्रही तिच्याशेजारीच ठेवायला लावलं.

"मामा, हे भट्टीपुढे ठेवायला हवं."

"अगं, माणसं इथंच वावरतात. बस तू. आधी कसावा खा."

थोरल्या मामाचा शब्द कसा मोडायचा? तिने तिथलाच आकडा घेतला. तो बरा निघाला. विसाव्याची गरज नाही, असं गिरणीच्या साहेबांनी ठरवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात भट्टीपुढे हरदेवची थट्टा एकाएकी थांबली. अंग तव्यासारखं तापलेलं. साकिऊसाकडे बघून तो पुटपुटला, "आई, बैल सोडलेस का?" आणि कोसळला! साकिऊसाने त्याला उचलून बाहेर नेलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या, वारा घातला. दवाखान्यात हरदेव वाचला, पण थोडक्यात.

मिरियामा धावत आली. साकिऊसा तिच्यावरच गरजला, "तुझं यंत्र खोटं!"

"यंत्र खोटं नाही, मामा. तुम्ही त्यालाही पाहुणा केलंत. हरदेवमामा काय चटईवर बसून चिपाडं लोटतात? चूक माझीही आहे, मी भिडेला बळी पडले. पण आता भाची म्हणून मागते. भाचीनं मागितलेलं मामानं नाकारायचं नाही, ही आपली रीत."

"माग."

"भट्टीच्या तोंडाशी जागा द्या. तुम्ही उभे राहता तीच."

साकिऊसाची मान खाली गेली. आल्यागेल्यापुढे आपलं दुखणं झाकायचं, हे त्याच्या रक्तातच होतं. पण त्या झाकलेल्या धगीनेच मित्र होरपळला होता! त्याने स्वतः यंत्र उचललं आणि भट्टीपुढे ठेवलं. कोण किती ओझं ओढतो, किती जाड कपडे घालतो, तेही तो न विचारता सांगत राहिला. आकडा चढत गेला. बघायला आलेले साहेब घाम पुसत मागे सरले.

त्यानंतर आळीपाळीने विसावा मिळू लागला. सावलीत बाक आले, थंड पाण्याचं पिंप आलं. हरदेव हलक्या कामावर परतला.

मित्रांनो, पाहुणचार घरी करावा. आपलं हित बघायला आलेल्या माणसाला मात्र आपली खरी जागा दाखवावी. माणूस राबतो तिथेच धग मोजावी. कारण झाकलेलं सोसणं आपल्यापुरतं राहत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर उठतं.