नळावरची चिंबोरी

करावे गावच्या पुतळाबाईंना कुणी विचारलं, तुमची नात चित्रं काढते म्हणे, तर त्या म्हणायच्या, "चित्रं कसली, भिंती बोलत्या करते." पुढं विचारायची सोय नसायची.

गावाजवळच्या शाळेनं या नातीला, मनस्वीला, आवारभर खाडीवरचे जीव रंगवायला बोलावलं होतं. जिन्याच्या कठड्यावरून बगळा घसरत होता. घंटेखाली चिखलातली निवटी मासळी डोळे गच्च मिटून बसली होती. आणि पहिलीच्या पोरांच्या नळावर होती चिंबोरी, खाडीतला खेकडा.

ती बघायला पुतळाबाई नवं लुगडं नेसून गेल्या. बघताच छाती फुगली. नांग्या सुतळीनं करकचून बांधलेल्या, गाठ तर थेट त्यांच्याच हातची.

"पण पोरं या नळावर येतच नाहीत, आजी," मनस्वी म्हणाली. "तहानलेली राहतात, नाहीतर लांबच्या नळावर जातात. सोमवारीही असंच दिसलं तर शाळेच्या मीना मॅडम हिच्यावर चुना फासणार आहेत."

"तुजी म्याडम कुठली गो?"

"सांगलीची."

"मंग तिला काय कळतंय चिंबोरीतलं."

तेवढ्यात पहिलीतली अक्षता रिकामी बाटली घेऊन आली आणि लांबच थबकली. "आजी, हिचे हात का बांधलेत?"

"चावते म्हनून."

"मग मी नाही येत," असं म्हणून अक्षता निघाली. चार पावलांवर वळली. "सोडले तर काय करेल ती?"

पुतळाबाईंनी उभा जन्म बाजारात चिंबोऱ्या विकल्या. पाठीवरून धरायची, गाठ मारायची, पाटीत टाकायची. सुटी चिंबोरी म्हणजे पळालेली चिंबोरी, तिला शिव्या घालायच्या; बघत कोण बसतंय? मनस्वीनं तर घरात आलेली, बांधलेलीच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आजी-नात खाडीवर गेल्या. जाळं खांद्यावर टाकून चाललेला गोटीराम थांबला. "काय गो पुतळे, या वयात चिंबोऱ्या धरतेस?"

"बघाला आयले. तू हो पुढं, तुज्या सावलीनं आत पळतील."

खारफुटीच्या मुळाशी एक बीळ होतं. पाय आखडले, डास चावले, पण म्हातारी हलली नाही. मग चिंबोरी बाहेर आली. एका नांगीनं चिखल चिवडला, काहीतरी तोंडाकडं नेलं, मग दुसरीनं. मधेच थांबली, काडीवरचे डोळे ताठ केले, या दोघींना निरखून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"जेवते गो," पुतळाबाई कुजबुजल्या. "दोनी हातांनी. लगनात माजी नणंद जेवायची, तशीच."

मनस्वीची पेन्सिल थांबत नव्हती.

रविवारी सुतळी पुसली गेली. आता चिंबोरी दोन्ही नांग्यांची ओंजळ करून नळाचं पाणी पीत होती.

सोमवारी पुतळाबाई खांबाआड उभ्या राहिल्या. शेजारी मीना मॅडम. मधल्या सुट्टीत अक्षता आली, मागं आणखी पोरं. ती लांबच थांबली. मग एक पाऊल पुढं. मान वाकडी करून तिनं नांग्या पाहिल्या, तोंड पाहिलं.

मागच्या पोरानं ढकललं, तशी ती त्याच्यावर खेकसली, "थांब ना. आधी तिचं पिऊन होऊ दे."

सगळी रांग वाट बघत उभी राहिली. चिंबोरीला किती वेळ लागतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी अक्षतानंच ठरवलं, झालं तिचं पिऊन, आणि नळ उघडून खाली ओंजळ धरली.