ओच्यातले ट्युलिप

"थुंकी लावताय?" पिरोश्का काकू खुर्चीतून अर्धवट उठल्या. "संतिणीला?"

"याच्याइतकं सौम्य औषध नाही, काकू. आमच्या कामात सगळेच लावतात." जुनी चित्रं साफ करणाऱ्या रेकाने काडीला गुंडाळलेला कापूस जिभेला टेकवला आणि चित्रातल्या पांढऱ्या ओढणीवर हलकेच गोल गोल फिरवला. कापूस मळला. ओढणीखालून मोत्यांचा सर वर आला.

चित्र मूळचं गढीतल्या काउंटेसचं. एकोणीसशे एक्कावन्न साली नव्या सरकारने तिला ट्रकमध्ये घालून नेलं, त्याच्या आदल्या दिवशी तिने ते काकूंच्या वडिलांकडे ठेवायला दिलं. असली चित्रं घरात सापडणं तेव्हा धोक्याचं होतं. संत मात्र घरोघरी होते. वडिलांनी, अम्ब्रुशनी, आठवड्याभरात वरून रंग चढवून काउंटेसची संत एर्झेबेट करून टाकली. कथेतल्या एर्झेबेटच्या ओच्यात भाकरीचे गुलाब झाले होते. पण अम्ब्रुश नवरीच्या लाकडी पेट्या रंगवणारे. त्यांना एकच फूल येत होतं.

"बायका म्हणायच्या, अम्ब्रुश, तुझी संतीण बाजारात ट्युलिप विकायला बसते का रे?" काकू म्हणाल्या. "आणि जाताना मेणबत्ती लावून जायच्या."

येत्या पहिल्या तारखेला काकू वृद्धाश्रमात जाणार होत्या. एक खाट, एक कपाट, भिंतीला खिळा मारायचा नाही. चित्र विकत घेणाऱ्या शोप्रॉनच्या दुकानदाराला संतीण नको होती; काउंटेस निघाली तर गिऱ्हाईक तयार होतं. काकूंनी हो म्हटलं होतं. पण वडिलांचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता, आणि त्यांच्या पेट्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

दुपारपर्यंत ओच्यातला एकच ट्युलिप राहिला.

"तेवढा राहू द्या ना," काकू म्हणाल्या. "खाली कोपऱ्यात आहे. कुणाला दिसतोय?"

"गिऱ्हाईक भिंग घेऊन येणारं आहे, काकू."

रेकाने स्वतःचं भिंग फुलाच्या कडेवर धरलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"तुमच्या वडिलांनी रंगाच्या आधी अंड्याचा पांढरा बलक लावलाय. सगळीकडे, एकसारखा. मघापासून विचार करतेय, इतक्या सहज सुटतंय कसं."

"म्हणजे काय?"

"थेट रंगवलं असतं तर तो रंग काढताना काउंटेसही खरवडली गेली असती. हे पुढे पुसता यावं म्हणून केलंय. तिचं तिला परत द्यायचं होतं त्यांना."

काकू म्हणाल्या, "त्या दिवसांत अंडी नाहीशी व्हायची. आई आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी. आम्हाला वाटलं, चोरून खातात." मग त्यांनी विचारलं, "त्यांनी सांगितलं का नसेल?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कुठेतरी बोलून गेला असता. केवढ्या होता तेव्हा?"

"सात वर्षांची."

काउंटेस परत आली नाही. तिचं कुणी विचारायलाही आलं नाही.

काकूंनी हात पुढे केला. "मला द्या ती काडी."

त्यांनी कापूस ओला केला आणि रेकासारखाच, दाब न देता फिरवला. लाल रंग कापसावर येत गेला. खालून काउंटेसचं बोट निघालं, अंगठीसकट, नखावरच्या चकाकीसकट.

"तिला काही लागलेलं नाही," काकू म्हणाल्या.

रेका चित्र उचलायला पुढे झाली.

"थांबा जरा," काकूंनी नवा कापूस मागितला. "देठ राहिलाय अजून."