मार्केवाल्यांचे आठ मार्कर

"थांब, बोलू नको," गफ्फारभाई म्हणाले आणि दाराशी उभ्या असलेल्या रोशनचे पहिले वाक्य ओठांतच राहिले.

चंद्रपूरचा मे महिना होता आणि दुकानातला पंखा मुद्दाम बंद केलेला होता. गफ्फारभाईंनी हातातल्या मार्करला गॅसची लहान टाकी जोडली होती आणि त्याचे पितळी अंग कानाशी धरून, डोळे मिटून ते ऐकत होते. साबणाचा फेस लावला तर गळती कोणालाही सापडते. ती नुसत्या कानाने सापडण्यासाठी माणसाचे अर्धे आयुष्य कामावर खर्ची पडावे लागते. घामाचा एक थेंब त्यांच्या भुवईवरून दाढीत उतरला. तो त्यांनी पुसला नाही.

"नाई गळत," अखेर ते म्हणाले आणि त्यांनी पंख्याचे बटण दाबले. "हं. बोल आता."

"चाचा, तेच सांगाले आलो. आता हे नाई लागत. नवे आले."

रोशन हा मूल तालुक्यातले धान उत्पादक रामाजी यांचा मुलगा. मोहर्लीच्या रस्त्यावर बापाने घेऊन ठेवलेल्या माळावर त्याने सहा वर्षांपूर्वी सहलींसाठी एक खेळाचे मैदान उभारले होते. दोन चमू जुन्या टायरांच्या आणि ड्रमांच्या आडोशाला लपत, आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत. ज्याच्या अंगावर रंग फुटला तो बाद. गोळी झाडण्याच्या त्या बंदुकीसारख्या यंत्राला मार्कर म्हणत. असे आठ मार्कर गफ्फारभाई सहा वर्षे सांभाळत आले होते.

"नवे आले म्हंजे? ह्याईले काय झालं?" कोपऱ्यातून खुर्शीदाबींनी विचारले. त्या सतरंजीवर बसून रबराच्या पत्र्यातून वायसर कापत होत्या. दुकान नवऱ्याचे असले, तरी दुकानातला शेवटचा शब्द बहुधा त्यांचा असे.

"काई नाई झालं, चाची. पण याच्यात दरवेळी दस्ता मागं ओढा लागते, तवा एक गोळी सुटते. पोट्टे म्हनतात, बंदूक हाय का होळीची पिचकारी? नव्याईत बॅटरी हाय. चाप दाबला का धडधड, धडधड."

"म्हंजे त्याईले नेम नाई पायजे, फटाक्याची लड पायजे."

"जे लोक मागतील ते देवा लागते ना, चाची."

गफ्फारभाईंनी मार्कर फडक्यावर ठेवला, आणि तो ठेवतानाही त्याची नळी मेजाला टेकू दिली नाही.

हे मार्कर त्यांच्याकडे आले ते एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे. गफ्फारभाईंच्या घराला अख्खे शहर 'मार्केवाले' म्हणे. बल्लारपूरच्या डेपोत सागाचे लठ्ठे येत, तेव्हा प्रत्येक ठेकेदाराला आपल्या मालावर आपली खूण उमटवावी लागे. त्यासाठी लोखंडी हातोडा असे आणि हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरे कोरलेली असत. तो हातोडा म्हणजे मार्का. गफ्फारभाईंच्या आजोबांनी मार्के कोरले, वडिलांनी कोरले, त्यांनी स्वतः कोरले. त्यांच्या हातचे अक्षर पावसात, चिखलात, दहा वर्षांच्या घावांनंतरही वाचता येई. पुढे ठेकेदार कमी झाले, डेपोतले ढीग बुटके झाले आणि मार्के कोरून घेणारे येईनासे झाले. हातोडा मात्र एकही खराब झाला नव्हता.

अशात रोशनने हैदराबादेतल्या एका बंद पडलेल्या क्लबाकडून हे आठ नग घेतले आणि तो गावात विचारत सुटला, मार्कर दुरुस्त करणारा कोण आहे? ज्याला विचारावे तो सांगे, मार्केवाल्यांकडे जा. त्याने गफ्फारभाईंच्या दुकानाशेजारच्या टेलिफोन बूथवर फोन लावून त्यांना विचारले, "चाचा, आठ मार्कर हायेत. कराल का?" दोन वर्षांत एकही हातोडा हाती न आलेले गफ्फारभाई उभ्या उभ्या म्हणाले, "आठच कायले, ऐंशी आन."

दुसऱ्या दिवशी पोते उघडले तेव्हा खुर्शीदाबी इतक्या हसल्या की त्यांना ओढणीने डोळे पुसावे लागले. "अजी, हे मार्के कुठी हायत? ह्या तं बंदुका हायत! अक्षरं कोराची कुठी, नळीच्या आत?"

पोते परत पाठवता आले असते. पण शब्द दिला होता, आणि शब्द दिल्यावर अर्थ चुकला म्हणून मागे फिरणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी एक नग खोलला. मग दुसरा खोलला. संध्याकाळी जेवायला उठले ते वेगळ्याच चेहऱ्याने. आतला पितळी दट्ट्या नळीत सोडला की आपल्याच वजनाने, घाई न करता, तळाशी जाऊन बसत होता. स्क्रूचा एकही आटा मोडलेला नव्हता, एकही धार हाताला लागत नव्हती, आणि जिथे कोणाची दृष्टी कधी पोचणार नाही तिथेही धातू आरशासारखा घासलेला होता. कोणत्या देशात, कोणी हे केले हे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्या अनोळखी माणसाचा हात त्यांनी ओळखला. "कारीगर हाय," ते बायकोला म्हणाले. आयुष्यात ही पदवी त्यांनी चौघांपलीकडे कोणाला दिली नसेल.

त्यानंतर सहा वर्षे सुटे भाग कुठूनही मिळाले नाहीत आणि त्यावाचून काही अडलेही नाही. स्प्रिंगा त्यांनी स्वतः वळल्या, वायसर खुर्शीदाबींनी कापले, गॅस आग विझवायची नळकांडी भरून देणाऱ्याकडून भरून आणला.

"मंग हे आठ कुठी जातील?" गफ्फारभाईंनी आता विचारले.

रोशनने मान खाजवली. "लच्छू भंगारवाला घेतो म्हनते. पितळ हाय ना." मग त्यांचा चेहरा पाहून घाईने म्हणाला, "असं करा चाचा, येत्या रविवारी ऊर्जानगरवरून चाळीस जन येऊन राह्यले. तुमी हे घेऊन या. नवा एखादा अडला तं कामी पडतील. मंग पाहू."

गफ्फारभाईंनी त्या 'मंग पाहू'ला धरून ठेवले. नीट चालणारी वस्तू कोणी मोडीत काढत नाही, असा त्यांचा साधा समज होता. रविवारी आठही नग निर्दोष चालले की रोशनचे मन बदलेल. त्यांना एवढेच करायचे होते. शनिवारपर्यंत त्यांनी आठही मार्कर खोलून पुन्हा जुळवले.

रविवारी सकाळी ते दोघे लुनावरून मैदानावर पोचले. खुर्शीदाबींच्या मांडीवर पोते होते. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या बसमधून पोरेपोरी, बाप्ये, बायका उतरल्या. टेबलावर दहा नवे मार्कर मांडलेले होते, काळे, चकचकीत, वजनाला हलके, आणि प्रत्येकावर एक लाल दिवा लुकलुकत होता. पहिला अर्धा तास मैदान दणाणून गेले. रोशन कमरेवर हात ठेवून हसत होता.

मग ऊन चढले. चंद्रपूरच्या उन्हाची त्या नव्या यंत्रांना ओळख नव्हती. गोळ्यांची साल मऊ पडली, आणि नवा मार्कर त्या इतक्या घाईने आत ढकलत होता की गोळी नळीतच फुटू लागली. गोळी आली की नाही हे पाहायला त्या यंत्रात काचेचा एक बारीक डोळा होता. तो रंगाने माखला, आणि डोळा गेल्यावर यंत्र मुके झाले. अकरा वाजेपर्यंत दहातले सहा बंद पडले.

"चाचा, काढा जी पोतं!" रोशन धावत आला.

आठ मार्कर बाहेर आले. त्यानंतर चार वाजेपर्यंत, त्या भट्टीसारख्या उन्हात, एकाच्याही नळीत एक गोळी फुटली नाही. गफ्फारभाई कुंपणाच्या तारेला धरून उभे होते आणि आवाज ऐकत होते. एकेक सुटा, स्वच्छ ठोका. वीज केंद्रात क्रेन चालवणारे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी दस्ता ओढला, श्वास धरला, आणि तीन गोळ्यांत तिघांना बाद केले. बाहेर येऊन त्यांनी मार्कर दोन्ही हातांनी परत दिला.

"कोन राखते हे?"

"मी, जी."

"बाप्पा! अशी चीज आमच्या स्टोरात नाई."

खुर्शीदाबींनी ओढणी सावरून नवऱ्याकडे पाहिले. पण गफ्फारभाई टेबलाकडे पाहत होते.

टेबलापाशी रांग लागली होती. ती रांग उरलेल्या चार नव्या मार्करांसाठी होती. एक डाव संपला होता; गफ्फारभाईंचे आठही तिथे मोकळे पडले होते, आणि पोरे त्यांना ओलांडून, डोक्यावर रुमाल घेऊन, उन्हात पाऊण पाऊण तास आपल्या पाळीची वाट पाहत उभी होती. एका मुलीने त्यांतला एक उचलला, दस्ता ओढून पाहिला आणि हळूच परत ठेवला.

"काऊन, बाई?" गफ्फारभाईंनी विचारले. "अडते का?"

"नाई काका, अडत काई नाई. मस्त हाय." ती ओशाळली. "पन एकेकच सुटते ना. मजा नाई येत."

मागे तंबूत रोशन स्वतःच्या रुमालाने नव्या मार्करांचे डोळे पुसत बसला होता. बंद पडलेल्या वस्तूंसाठी एवढा जीव तो कधी चालत्या वस्तूंसाठी खर्चताना दिसला नव्हता.

परतीच्या अर्ध्या वाटेवर गफ्फारभाई लुना बाजूला घेऊन थांबले.

"काय झालं, जी? पेट्रोल संपलं?"

"नाई." ते समोर पाहत म्हणाले. "कुठं दोष असता तं मी काढला असता, खुर्शीदा. दोषच नाई. आता काय दुरुस्त करू?"

खुर्शीदाबींनी पोते मांडीवर नीट घेतले आणि त्या म्हणाल्या, "चाला. ऊन लागून राह्यलं."

तीन दिवसांनी रोशन पेढे घेऊन दुकानात आला. "चाचा, त्या दिवशी तुमच्या आठानं इज्जत राखली. भंगारात नाई देत आता. ऑफिसच्या भिंतीवर लावतो, शोभा येईल. फक्त हरेकाच्या अंगाले दोन दोन भोकं पाडून द्या. आरपार. स्क्रू मारून पक्के बसवतो."

ड्रिल मशीन हाताशीच होते. गफ्फारभाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"भोक नाई पडनार."

"अजी चाचा, आता चालवाचे थोडीच हायेत?"

"चालतात का नाई?"

"चालतात."

"मंग चालत्या जिनसेले माह्या हातानं भोक नाई पडत."

रोशनचा चेहरा उतरला, मग तापला. "असं हाय का? मंग राहू द्या. तुमाले भिंत नाई पटत, तं लच्छूले बलावतो. पितळाचा भाव बरा हाय सध्या."

गफ्फारभाईंची बोटे मेजावर पसरलेली होती. एक 'हो' म्हटले तर आठही वाचत होते, आणि तो 'हो' त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

"बाबू," खुर्शीदाबी कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्या ऑफिसची भिंत कोनाची हाय?"

"माहीच हाय ना, चाची."

"मंग भोक भिंतीले पाड. भिंत तुह्या बापाची हाय, मार्कर कोन्या दुसऱ्याच कारीगराचे हायेत."

रोशन आधी गोंधळला, मग हसला. हसावेच लागले. एक पेढा त्याने स्वतःच उचलून तोंडात टाकला.

त्यापुढचे दोन आठवडे गफ्फारभाईंनी दुसरे काम घेतले नाही. आठ मार्करांसाठी त्यांनी लोखंडी पट्टीचे आठ जोड वळवले. वरून सारखे दिसणारे ते आठ नग त्यांच्या हाताला आठ वेगवेगळे होते. म्हणून प्रत्येक जोड त्या त्या नगाच्या अंगावर बसवून पाहिला, कानशीने घासला, आतून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, अस्तर लावले. भिंतीवर बसवल्यावर मार्कर बोटाने उचलला की अलगद हातात येई आणि ठेवला की आपल्या जागी बसे. रोशनला ते कळले नाही. त्याला भिंत भरलेली दिसली आणि तो खूश झाला.

पावसाळा सरून मैदान पुन्हा सुरू झाले तेव्हा गफ्फारभाई तेलाची कुपी आणि मलमलचा तुकडा घेऊन तिथे गेले. बोलावले कोणीच नव्हते. ऑफिसात नावे लिहून घेणारी दिव्यानी होती. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. ते भिंतीपाशीच उभे राहिले. मार्करांखाली एक काळी पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर खडूने सुबक अक्षरात लिहिले होते: 'जुने मार्कर. हात लावू नये.'

"हे कोनं लिवलं?"

"मीच, चाचा. रोशनभाऊनं सांगतलं. अक्षर चांगलं नाई का?"

"अक्षर बेस हाय." त्यांनी पहिला मार्कर उतरवला, दस्ता ओढला. तीन महिन्यांच्या दमट हवेनंतर तो पहिल्या वेळी किंचित अडला, दुसऱ्या वेळी सरकला. त्यांनी तेलाचा एक थेंब सोडला, पुसला आणि मार्कर जागेवर ठेवला. दुसरा उतरवला. मग तिसरा. "पन बाई, हात नाई लागला का हे जाम होतात. लोकाईले हात लावू दे. दस्ता ओढू दे. गोळी नाई तं नाई."

"भाऊ रागावतील ना."

"त्याले माह्यं नाव सांग."

दिव्यानीने थोडा वेळ विचार केला. मग ती उठली, ओढणीच्या टोकाने 'लावू नये' एवढे पुसले आणि खडू उचलून त्यांच्याकडे वळली.

"चाचा, 'हात लावावा' लिवू, का 'हात लावा'?"

"लावा," गफ्फारभाई म्हणाले आणि त्यांनी चौथा मार्कर उतरवला.