बंद पाइपाचा ठोका

धुरपता रामटेकेने फ्लो-मीटरचा प्रोब नव्या नसेभोवती अलगद बसवला, वरून थोडं सलाइन सोडलं आणि हात स्थिर धरला.

"वाच गं."

मशीनजवळ उभी असलेली नर्स खुशबू पडद्याकडे पाहत राहिली.

"सहा, सिस्टर. मिनिटाला सहा मिली."

"नीट पाह्य."

"नीटच पाहून राह्यले. सहाच हाये."

टेबलावर जलालुद्दीनभाई जगाची चिंता सोडून झोपले होते. त्यांच्या पायातून काढलेल्या नसेचे तीन तुकडे दर गुरुवारी नागपूरहून येणाऱ्या डॉ. आकरेंनी सकाळपासून हृदयावर जोडले होते, तुंबलेल्या वाहिन्यांना वळसा घालून रक्त पुढे न्यायला. पहिल्या जोडातून मिनिटाला बेचाळीस मिली रक्त जात होतं, दुसऱ्यातून पन्नास. तिसरा, हृदयाच्या मागच्या अंगाचा, सहावर अडून बसला होता.

आकरेंनी त्या नसेवर बोट ठेवलं. क्षणभर डोळे मिटले आणि उघडले.

"ठोका बघा काय आहे! तिन्हींत हाच जोरदार. तुमच्या मशीनचं डोकं फिरलंय, सिस्टर."

मशीन काही धुरपताचं नव्हतं. कंपनीने पंधरा दिवस वापरून पाहायला दिलेलं. चंद्रपुरातल्या त्या नव्या दवाखान्यात बायपास सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, त्यात हे नवं यंत्र म्हणजे घरात नवी सून आल्यासारखं; जो तो तिच्या चुका मोजायला टपलेला. आणि चूक तिने केलीही होती. मागच्याच गुरुवारी एका चांगल्या जोडाला या मशीनने नापास केलं. आकरेंनी टाके उसवून पाहिलं, तर आत सगळं ठीक. प्रोब कोरडा राहिला होता, एवढंच. पेशंटला वरून दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं, आणि आकरे नागपूरला परत जाईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून आज धुरपताने सलाइन दोनदा सोडलं होतं. तिने प्रोब काढला, पुसला, नसेच्या जरा खालच्या बाजूला पुन्हा बसवला.

"सात," खुशबू म्हणाली. "अन् ती लाइन अशी वर जाते, लगेच खाली पडते. भाल्यावानी."

"बीपी कसं आहे?" आकरेंनी विचारलं.

"एकशे दहा, सर. एकदम मस्त," भूल देणाऱ्या डॉ. निशात मध्ये टांगलेल्या कापडापलीकडून म्हणाल्या.

"झालं तर मग. बोटाला ठोका लागतोय, बीपी चांगलं आहे, हृदय छान चाललंय. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे, एका मशीनच्या हट्टापायी त्याचं हृदय परत उलटं धरायचं नाही मला. प्रोटामिन सुरू करा."

प्रोटामिन म्हणजे पातळ केलेलं रक्त पुन्हा नेहमीसारखं करण्याचं औषध. ते एकदा सुरू झालं की जोड पुन्हा उघडणं महागात पडतं. डॉ. निशात सिरिंजकडे वळल्या.

धुरपताचं लक्ष त्या नसेवरून हटेना. काय उडत होती ती! टण, टण, टण. शेजारची, पन्नासवाली, कशी गपगार पडून होती. जरा हलल्यासारखी, बस. हे असं तिने कुठंतरी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. आणि कुठं ते आठवलं तेव्हा तिला हसू की रडू कळेना, कारण ऐकवणारा समोरच झोपला होता.

वीस वर्षांमागे धुरपता लग्न होऊन कोरपना तालुक्यातल्या एका खेड्यात आली होती. नवरा चुनखडीच्या खाणीत, थोरला पोटात. गावात नळयोजना होती आणि नळयोजनेवर जलालुद्दीनभाई वालमन होते. सायकलच्या दांड्याला लांब लोखंडी चावी बांधून फिरायचे. वाल सोडला की चावीचं एक टोक पाइपावर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे. पाणी कुठवर पोचलं ते त्यांना ऐकून कळे. पोरं त्यांना पाइपाचा डॉक्टर म्हणून चिडवायची.

त्या साली धुरपताची गल्ली आठ दिवस कोरडी राहिली. तक्रार केली की उत्तर एकच: पाणी सोडलं जाते. सातव्या महिन्याचं पोट घेऊन धुरपताने नाल्यावरून आठ दिवस हंडे वाहिले. नवव्या दिवशी जलालुद्दीनभाई कुदळ घेऊन आले, गल्लीच्या तोंडाशी खोदून पाइप उघडा केला आणि बायांना म्हणाले, हात लावून पाहा. पाइप ठोके देत होता. बाया म्हणाल्या, पाणी तर येऊन राह्यलं जी! तर भाई म्हणाले, "नाई. ठोकते तो पाइप बंद असते, बाई. पाणी येते, धडकते, वापस जाते. वाहते तो पाइप गुणगुणते फक्त." चार फूट पुढे खोदलं तर सांध्यात चुनखडीचा नारळाएवढा गड्डा. तो काढला तसं गल्लीभर पाणी, आणि बाया भिजल्या तरी कोणी बाजूला होईना.

"सर, थांबा," धुरपता म्हणाली.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. सोळा वर्षांच्या नोकरीत ऑपरेशन टेबलावर हा शब्द तिने सर्जनला कधी वापरला नव्हता.

"काय झालं?"

"सर, ती नस ठोकून राह्यली." घाईत तिची घरची बोली बाहेर आली. "बाकीच्या दोन ठोकत नाईत. वाहणारी नस इतकी ठोकत नाई, सर. पुढं रस्ता बंद असला की रक्त धडकून वापस येते. लाइन पण तेच सांगून राह्यली, वर गेली का खाली. मशीन अन् नस, दोघंही एकच सांगतात."

"आणि मागच्या गुरुवारी?"

"मागच्या गुरुवारी नस गप होती, सर. मशीन एकटंच बोलत होतं."

आकरे रागीट नव्हते, पण हाताचा अभिमान होता त्यांना, आणि तो खोटाही नव्हता. त्या हाताने शेकडो माणसं घरी पाठवली होती. त्यांनी बोट पुन्हा त्या नसेवर ठेवलं. मग शेजारच्या नसेवर. मग पुन्हा तिसरीवर. असं तीन-चार वेळा केलं.

"निशात, प्रोटामिन राहू द्या," ते म्हणाले. "सिस्टर, बारीक कात्री."

पुढची पंचवीस मिनिटं धुरपताच्या मनात एकच होतं. आत सगळं ठीक निघालं तर? तर हा भला माणूस तिच्या शब्दापायी विनाकारण उलगडला गेला असता, आणि बाहेर बाकावर भाईंची बायको हाजराभाभी सकाळपासून तसबीहचे मणी ओढत बसली होती, तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं? धुरपता मागितलं ते आकरेंच्या हातात देत राहिली.

आकरेंनी जोड उघडला, भिंगाच्या चष्म्यातून वाकून पाहिलं आणि एक लांब श्वास सोडला. केसाहून बारीक धागा. एका टाक्यात समोरच्या भिंतीबरोबर मागची भिंतही शिवली गेली होती. रक्ताला जायला सुई जाईल एवढीही वाट नव्हती. त्यांनी तो टाका चिमट्यात धरून धुरपताला दाखवला आणि नव्याने शिवायला घेतलं.

या वेळी प्रोब त्यांनी स्वतः बसवला.

"अठ्ठेचाळीस!" खुशबू जवळजवळ ओरडलीच.

नस कशी निवांत पडून होती. आकरेंनी बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

पुढच्या गुरुवारी आकरे राउंडला आले तेव्हा जलालुद्दीनभाई खाटेवर उशी पोटाशी धरून बसले होते, आणि हाजराभाभी त्यांना मोसंबी सोलून देत होती. धुरपताला पाहून भाई खुलले.

"या सिस्टर! आमच्या गावची सून. आता मले सांगा, पाइपलाइन चालू झाली का नाई?"

"तुम्हीच आयका ना," धुरपता म्हणाली.

आकरेंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्यांच्या कानांत घातला आणि दुसरं टोक छातीवर ठेवलं. भाईंनी सवयीने डोळे मिटले, मान तिरपी केली. मग चेहरा पडला.

"हे तर ठोकून राह्यलं, साहेब!"

"तो पंप आहे, चाचा," आकरे हसले. "पंपाने ठोकलंच पाहिजे."

"हां, पंप! मंग बराबर हाये." भाई उशी छातीशी दाबून हसू लागले, टाके दुखले तसे "या अल्लाह" म्हणत थांबले, आणि पुन्हा हसले. हाजराभाभी ओरडली, तरी थांबेनात.

आकरे स्टूल ओढून बसले. राउंडला ते कधी बसत नसत. पाइपाची गोष्ट धुरपताने त्यांना ऑपरेशननंतर सांगितली होती.

"चाचा, बंद पाइप ठोकतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

भाईंनी एकदा धुरपताकडे पाहिलं, एकदा हातातल्या मोसंबीकडे.

"कोणी नाई, साहेब. चुकूनच शिकलो." ते जरा वेळ फोडीवरचे दोरे काढत राहिले. "या सिस्टरच्याच गल्लीत. पहिल्याच दिवशी मी कान लावला होता. मस्त ठोका आयकू आला. म्हटलं, पाणी हाये, बाया उगाच बोंबलून राह्यल्या. तसंच लिहून देल्लं. आठ दिवस रोज कान लावला, रोज ठोका, रोज तेच लिहिलं. नवव्या दिवशी या दिसल्या, इतकं पोट, डोक्यावर हंडा. तवा वाटलं, ही बाई कायले खोटं बोलल? माहाच कान खोटा असल."

वीस वर्षं धुरपता ज्याला देवमाणूस म्हणत आली, तिचे ते आठ दिवस त्यानेच लिहून दिले होते तर! एक क्षण तिला खरंच राग आला, नाल्याची ती चढण पायांना आठवली.

"मले काऊन नाई सांगितलं, भाई?"

"लाज वाटली, बाई. तुम्ही बाया तर हार घेऊन आल्या होत्या."

हाजराभाभीने कपाळाला हात लावला. धुरपताला हसू फुटलं. काय करणार, हार तिनेच ओवला होता.

आकरे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, अंगठ्याने काच पुसली, परत घातला. बाजूच्या खाटेवरचा पेशंट ऐकत होता, दारात खुशबू फाइल घेऊन उभी होती. त्यांनी आवाज खाली आणला नाही.

"चाचा, मागच्या गुरुवारी मीही चुकलो. तुमचा तिसरा जोड बंद होता, आणि मी ठोक्यावर विश्वास ठेवून शिवून टाकणार होतो. सिस्टरांनी थांबवलं."

हाजराभाभीच्या हातातली साल तशीच राहिली.

जलालुद्दीनभाईंनी डॉक्टरांकडे नीट पाहिलं, एखाद्या नव्या वालमनकडे पाहावं तसं.

"मंग पुन्हा खोदलं ना?"

"खोदलं."

"गड्डा निघाला?"

"निघाला."

"मंग झालं," भाई म्हणाले, आणि हातातली सोललेली मोसंबी अर्धी करून एक भाग त्यांच्यापुढे धरला. "घ्या, साहेब. गोड हाये."