डोलकाठीवरचा माणूस

गंगाराम तांडेल छापखान्यातल्या स्टुलावर चढले, एक हात छताच्या वाशाला लावला आणि दुसऱ्या हाताने वाऱ्याला थोबाडीत मारावी तसा झटका देऊन म्हणाले, "लिवा, आप्पा. वारा डावीकडून, आणि शीडपण डावीकडंच फुगलेलं! असला वारा मी मस्कतपासून कोलंबोपर्यंत कुठं बघितला न्हाय. आणि मी असा एक वारा बघितलाय, त्यानं आमच्या गलबतावरच्या तव्यातली भाकरी उलटवली होती. हात न लावता."

"भाकरीचं लिहू?" आप्पांनी बोरू थांबवून विचारले.

"भाकरीचं लिवाच. लोक त्याच्यासाठीच घेतात तुमचा पेपर."

आप्पांनी मुकाट्याने लिहिले, कारण ते खरे होते. चार पानांच्या 'बंदरवार्ता'त पहिल्या पानावर आप्पांचा अग्रलेख असे आणि तो आप्पा स्वतः वाचत. बाकी रत्नागिरी उघडत असे ते तिसरे पान. तिथे चित्रांवरचा नि कादंबऱ्यांवरचा 'तांडेलांचा अभिप्राय' असे.

चौतीस सालचा आषाढ सरत आला होता. ज्येष्ठात बंद झालेली मुंबईची आगबोट नारळी पौर्णिमेनंतर लागायची. तोवर फिल्मची नवी पेटी नाही, नवे चित्र नाही. तिकडे मुंबईत पडदा बोलायला, गायला लागला होता. इकडे पेठकिल्ल्यातल्या वखारीत खेळ लावणाऱ्या बाबूशेठजवळ सहा जुनी मुकी चित्रे अडकून पडली होती. तीच आलटून पालटून चालत. ती संपली की तांडेल वाचनालयातल्या जुन्या रहस्यकादंबऱ्यांकडे वळत. आप्पा वाचून दाखवत आणि तांडेल डोळे मिटून ऐकत.

चित्र असो की कादंबरी, गोष्ट एकच. एका माणसाला काहीतरी हवे असायचे. खजिना, सिंहासन, नकाशात नसलेले बेट. आणि ते मिळेपर्यंत तो झोपायचा नाही, कुणाला झोपू द्यायचा नाही. तांडेलांना असली माणसे मनापासून आवडत. पण अभिप्रायाच्या शेवटी ते नेमके भलतेच विचारायचे. 'नायकाने तीन दिवसांत सात शत्रू मारले, ते उत्तम झाले. परंतु त्याचा घोडा सांभाळणारा इसम दुसऱ्या प्रकरणात दरीच्या तोंडाशी उभा होता. त्याचे पुढे काय झाले, हे ग्रंथकर्त्याने कळवावे.' लोक पोट धरून हसत. आप्पांनाही तो तांडेलांचा खट्याळपणाच वाटे.

"आता वादळाचा प्रवेश," आप्पा म्हणाले. "'नव्वद वावांचा खजिना' म्हटलं की लोकांना तेच वाचायचं असतं. कप्तान खलाशाला डोलकाठीवर चढवतो ते."

तांडेल स्टुलावरून उतरले. उतरताना त्यांनी गुडघा धरला.

"ते उद्या," ते म्हणाले.

त्यांनी ते चित्र तीनदा पाहिले होते. पडद्यावर आभाळ काळे झाले की तिन्ही वेळा ते चणे घ्यायला बाहेर पडले होते.

चणे विकायची सोनूबाई. वखारीच्या दाराशी तिची टोपली असे आणि 'बंदरवार्ता'च्या जुन्या अंकांच्या पुड्या. तिचा नवरा धाकू हा गंगाराम तांडेलांच्या गलबतावर खलाशी होता. एकवीस वर्षांमागे बुडाला. ती गोष्ट बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक, कारण सांगणारे तांडेलच.

नारळी पुनवेला मुंबईत नारळाला सोन्याचा भाव, पण पुनवेपर्यंत दर्याच बंद. गंगाराम तांडेलांनी त्या वर्षी पुनवेआधी बारा दिवस गलबत काढले आणि नारळ घेऊन मुंबईचे बंदर पहिले गाठले. नारळ घेणाऱ्या शेठजींनी स्वतःच्या हाताने त्यांना पागोटे बांधले. वाटेत वादळ झाले. शीड अडकले. धाकू हसत हसत डोलकाठीवर चढला. शीड मोकळे केले, आणि मग दर्याने त्याला वरच्या वर उचलले, अंगाला पाण्याचा थेंब न लागता. जाताना त्याने हात वर केला आणि ओरडला, "तांडेल, थांबायचं न्हाय!"

इथे ऐकणाऱ्यांतला कुणीतरी नाक पुसायचा.

छापखान्याच्या पायरीवर आज सोनूबाईच बसली होती, पावसात भिजलेली, टोपलीवर इरले धरून.

"काय गो, आज हिकडं?" तांडेलांनी विचारले.

"सदूनं झावळ्या काढायला घेतल्यान्," ती म्हणाली.

सदू तिचा मुलगा. बाप गेला तेव्हा तीन वर्षांचा होता. यंदा मिऱ्यावरच्या एका व्यापाऱ्याने त्याला गलबत दिले होते, त्यावरचा मुख्य, म्हणजे तांडेल, केले होते. पावसाळ्यात सगळी गलबते किनाऱ्यावर ओढून वर झावळ्यांनी शाकारलेली असत. त्या उतरवायच्या त्या पुनवेचा नारळ दर्यात पडल्यावर.

"रविवारी बीज," सोनूबाई म्हणाली. "मोठी भरती. रविवारीच ढकलणार म्हणतो. पहिला जाणार. नारळ भरून ठेवल्यान्."

"आणि खलाशी?"

"ते तर नाचतायत. मी बोलले, तर मला सांगतो, आवशी, तू चणे भाज." तिने पदराने तोंड पुसले. "तुमचं ऐकंल तो. दुसऱ्या कुणाचं न्हाय."

तांडेलांनी आभाळाकडे पाहिले. ते अजून उघडलेले नव्हते. त्यांनी छत्री उघडली.

मिऱ्याच्या वाळूत गलबताची एक बाजू उघडी झाली होती. सदू वर उभा राहून झावळ्या खाली फेकत होता. तांडेलांना पाहताच त्याने वरूनच हाक दिली, "या, तांडेलकाका! पागोटं आणलंत काय? की नवं बांधून घेऊ?"

खलाशी हसले.

"सदू, जरा खाली ये."

"हितनंच बोला. ऐकू येतंय."

तांडेल बोलायला गेले, आणि नेहमीची खोड, तोंड उघडले की गोष्टच बाहेर पडायची. "आषाढातल्या दर्याला खेळ समजू नको बाबा. एकदा जयगडासमोर लाट आली, एवढी उंच, की तिच्या शेंड्यावरनं मला आमच्या घराच्या अंगणातली कोंबडी दिसली..."

"अंड्यावर बसलेली काय?" एकाने विचारले, आणि हशाने गलबत हलले.

"पुनवेनंतर जा," तांडेल म्हणाले. "बारा दिवस काय ते."

सदूचे हसू जरा उतरले. त्याने कमरेवर हात ठेवले. उभे राहणे अगदी धाकूचे.

"तुमी थांबला होतात?"

"न्हाय."

"मग? माझा बापूस जाताना काय म्हणाला? तुमीच सांगितलंत मला, मांडीवर घेऊन. थांबायचं न्हाय." त्याने पुढची झावळी उचलली. "मी त्याचाच हाय, काका."

झावळी तांडेलांच्या पायाशी पडली. ती त्यांनी वाकून बाजूला ठेवली, वाळू झटकली, आणि आले तसे परत गेले.

शुक्रवारी छापखान्यात ते स्टुलावर चढले नाहीत. खिडकीशी बसले. आप्पांना वाटले, ताप असावा.

"लिवा. वादळाचा प्रवेश."

"हां."

"कप्तान एकाला डोलकाठीवर चढवतो. त्याचं नाव पडद्यावरच्या पाटीवर लिवलेलं न्हाय."

"ते तुमचं नेहमीचं. शेवटी घालू."

"शेवटी नको. हितंच. त्याचं नाव धाकू."

आप्पांचा बोरू थांबला. खिळे जुळवणारा कोपऱ्यात होता, त्याचाही हात थांबला.

"पुढं लिवा. चढायच्या आधी धाकू म्हणाला, नारळ पडू दे, बारा दिवसांनी निघू. कप्तान म्हणाला, बारा दिवसांनी पहिला कोण असंल? मग वादळात शीड अडकलं. धाकूला वर चढवलं. तो हसत न्हवता. शीड सुटलं. त्यानं वरनं विचारलं, तांडेल, उतरू काय? असं तीनदा विचारलं."

"पण तांडेल," आप्पा हळूच म्हणाले, "चित्र मुकं आहे. त्यात तो माणूस काही बोलत नाही."

"तुमच्यासाठी मुकं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. आप्पांनी बोरू शाईत बुडवला.

"कप्तानानं ऐकलं. तीनदा ऐकलं. समोर पाऊस फाटला होता आणि मुंबईचा दिवा दिसत होता. वर माणूस असला तर शीड धरून राहतं, गलबत जोरात पळतं. म्हणून कप्तान काय बोलला न्हाय. चौथ्यांदा वरनं आवाज आला न्हाय." तांडेलांनी घसा साफ केला. "आणि 'थांबायचं न्हाय' हे धाकू म्हणालाच न्हवता. ते कप्तानाच्या पोटातलं. मागाहून त्यानं ते मेलेल्या माणसाच्या तोंडात घातलं. झालं."

आप्पांनी लिहिलेले पुन्हा वाचले. एका ठिकाणी बोट ठेवले.

"इथे 'तांडेल, उतरू काय' असं आलंय. चित्राला धरून 'कप्तान' करू?"

"नको."

"आणि भाकरीचं?"

"भाकरीचं काढा."

शनिवारी अंक निघाला. दर शनिवारी मिऱ्याच्या वाळूत सदू खलाशांना तिसरे पान मोठ्याने वाचून दाखवायचा, बंदरावरचे निम्मे लोक तिथे जमायचे. तांडेल त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. ओटीवर बसून त्यांनी एक जुने पागोटे पेटीतून काढले, आणि त्याची घडी न मोडता परत ठेवले.

शेजारच्या गोदाने सांगितले ते एवढेच. सदू वाचत होता, मधेच थांबला. पुढचे दुसऱ्या कुणीतरी वाचले. मग एक म्हातारा खलाशी तेवढा म्हणाला, "मी होतो त्या गलबतावर. तीनदाच विचारलं होतं." एकवीस वर्षे हा म्हातारा तांडेलांची गोष्ट ऐकताना मान डोलवत आला होता.

रविवारी दुपारी भरती आली. तांडेल दूर, एका माडाच्या आडोशाला उभे होते. पाणी चढत चढत गलबताच्या तळाला लागले, कडेचा फेस झावळ्यांपर्यंत उडाला. झावळ्या पुन्हा जागच्या जागी बांधलेल्या होत्या. गलबताभोवती कुणी नव्हते. फक्त सदू, एकटा, एक सुटलेली गाठ आवळत होता. त्याला तांडेल दिसले असावेत. त्याने पाठ फिरवली नाही, हाकही दिली नाही. गाठ आवळून झाल्यावर पुन्हा एकदा आवळली.

भरती ओसरली.

त्या दिवशी वखारीत चार वाजताचा खेळ 'नव्वद वावांचा खजिना'चा होता. आत मुंगीला जागा नव्हती. खिडक्यांवर गोणपाटे सोडलेली, खाली ओल्या घोंगड्यांचा वास. दाराशी सोनूबाई होती. तांडेल तिच्यासमोर उभे राहिले. तिने वर पाहिले नाही. चण्यात हात घातला, पण पुडी बांधली नाही. त्यांनी ओंजळ पुढे केली तेव्हा चणे तसेच ओंजळीत ओतले. शनिवारच्या अंकांचा गठ्ठा तिच्या मांडीखाली होता, न फाडलेला.

"मी आत जाऊ काय?" तांडेलांनी विचारले. हे त्यांनी आजवर कधी कुणाला विचारले नव्हते.

"जावा की. तिकिटं बाबूशेठ देतो."

ते आत गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. पडद्यावर कप्तान दुर्बीण लावत होता, खलाशांवर गुरकावत होता, बायका त्याच्याकडे पाहून उसासत होत्या. मग आभाळ काळे झाले. चणे घ्यायला निघावे, तर चणे हातातच होते.

कप्तानाने बोट वर केले. एक किडकिडीत माणूस डोलकाठीवर चढू लागला. तीच ती जुनी, चरे पडलेली फिल्म. माणूस पावसात चढतोय की चऱ्यांत, ते कळत नव्हते.

एरवी इथे टाळ्या पडायच्या. आज पडल्या नाहीत. माणूस शेंड्याला पोचला आणि त्याने खाली मान वळवली. तो काय बोलला ते सांगणारी पाटी आली नाही.

अंधारातून कुणीतरी ओरडले, "उतर रे!"

एक-दोघे हसले. मग दुसरीकडून आवाज आला, "धाकू, उतर!" हसणे थांबले. मग मधल्या रांगांतून, मग बायकांच्या बाजूने, मग पुढे जमिनीवर बसलेल्या खलाशांतून, सगळी वखारच ओरडू लागली. "उतर! धाकू, खाली उतर!" त्यात एक आवाज भरदार, तरुण होता. तो तांडेलांनी ओळखला. त्यांच्या ओंजळीतून चणे सांडले.

सोनूबाई टोपली तशीच टाकून उठली आणि चौकटीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने पडद्याकडे कधी तोंड केले नव्हते. ती त्या किडकिडीत माणसाकडे पाहत राहिली.

तांडेलांचे ओठ हलले. आवाज असा फुटला नाही, नुसता श्वास. पण ती जवळच होती.

"मोठ्यानं बोला, तांडेलानू," सोनूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "वर वारा असतो."